बोटावर निभावलं, म्हणे

माझ्या मोठ्या जाऊबाई लोकांना गाडी शिकवायच्या. त्यांच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला होता. शिकणारा चुकला की त्या आधी साध्या आवाजात ‘क्लच’ म्हणायच्या. दुसऱ्या खेपेला असं ओरडायच्या की पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस दचकून आपल्याच पायाकडे बघायचा. तिसऱ्या खेपेला स्वतःच दाबायच्या आणि पुढचा चौक येईपर्यंत गप्प बसायच्या. ओरडणं परवडलं, पण ती शांतता नको, असं त्यांच्याकडे शिकलेले सगळे सांगतात. पाठीमागे लोक त्यांना क्लचबाई म्हणायचे. हे त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

मी त्यांना वहिनी म्हणते. आम्ही दोघी एकाच घरात राहतो, त्या वर आणि मी खाली. मी घरीच कपडे दुरुस्त करून देते, म्हणजे कुणाची पँट आखूड, कुणाचा शर्ट ढगळ. माझं मशीन मागच्या खिडकीशी आहे आणि तिथून त्यांचं गॅरेज दिसतं, त्यामुळे त्यांचं सगळं येणंजाणं माझ्या डोळ्यांसमोर व्हायचं.

त्या आधी टायपिंग शिकवायच्या. टायपिंगचा क्लास बंद पडला तेव्हा घरात बसून राहायचं सोडून त्यांनी एक जुनी गाडी घेतली आणि तिच्या छपरावर पाटी लावली. ज्याला दुसरीकडे कुणी हात लावत नसे, तो यांच्याकडे यायचा. साठी उलटलेले कारकून यायचे, आयुष्यभर मागच्या सीटवर बसलेल्या बायका यायच्या, आणि एकदा असाच तो बंद्या आला. बंद्या हे नाव वहिनींनीच ठेवलेलं, कारण त्याच्या हातात गाडी दर सिग्नलला बंद पडायची. परीक्षेत तो इतक्यांदा नापास झाला की तपासनीस त्याला घरची खुशाली विचारू लागला. पण वहिनींनी त्याला सोडलं नाही. शेवटी तो पास झाला आणि काही वर्षांनी त्यानं दोन गल्ल्या सोडून स्वतःचंच ड्रायव्हिंग स्कूल काढलं. वहिनी म्हणाल्या, “गुरूची विद्या गुरूलाच फळली.” रागावल्या मात्र नाहीत.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मनात आलं की गॅरेजच्या वरची खोली साफ करावी आणि तिथे विद्यार्थ्यांना रस्त्यावरच्या खुणा शिकवाव्यात. खोली कित्येक वर्षं बंद होती. खिडकीची काच फुटलेली, आणि त्या भोकातून आत शिरून कबुतरांनी संसार थाटलेला. आमचे मोठे भावजी, म्हणजे वहिनींचे यजमान, चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. माणूस सालस, पण प्रत्येक कामाला त्यांचं उत्तर एकच, “रविवारी करू.” तो रविवार काही उगवेना. शेवटी वहिनींनी डोक्याला फडकं बांधलं आणि स्वतःच झाडू घेऊन वर गेल्या. नाकाला काही बांधलं नाही. जमिनीवर कबुतरांच्या विष्ठेचा वाळून कडक झालेला थर होता, तो त्यांनी खुरप्यानं खरवडला आणि कोरडाच झाडला. पिठाच्या गिरणीतून निघावी तशी धूळ खिडकीतून बाहेर पडताना मी पाहिली. वहिनी खाली आल्या तेव्हा भुवयासुद्धा राखाडी झाल्या होत्या. “म्हातारी झाल्यावर अशी दिसेन,” म्हणून हसल्या.

सगळं तिथूनच सुरू झालं, पण ते कळायला फार उशीर लागला.

काही आठवड्यांनी खोकला लागला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी घसा बघितला आणि औषधाची बाटली दिली. बाटली संपली, खोकला तसाच. मग ते म्हणाले दमा असेल, आणि ओढायचा पंप दिला. त्यानंही भागेना, तेव्हा सूज उतरवणाऱ्या जोरदार गोळ्या दिल्या. चार दिवस बरं वाटलं. नंतर संध्याकाळचा बारीक ताप यायला लागला आणि वजन उतरू लागलं. त्यांचे कपडे माझ्याकडेच येत. आधी मी बाजूची शिवण जरा आत घेतली, मग पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा ड्रेस घेऊन आल्या तेव्हा मीच म्हटलं, “वहिनी, आता मोठ्या दवाखान्यात जाऊन या. माझ्याकडे आत घ्यायला कापड उरलेलं नाही.”

छातीच्या फोटोत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात लिंबाएवढा पांढरा डाग निघाला.

आधी क्षयाचा संशय. त्याच्या तपासण्या झाल्या, वाट बघणं झालं. क्षय नाही. मग मोठ्या मशीनमध्ये घालून फोटो काढला. फुप्फुसाचे डॉक्टर तरुण होते, बोलताना माणसाकडे कमी आणि पडद्याकडे जास्त बघायचे. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, “या कडा बघा, काटेरी आहेत. अशा कडा आम्हाला आवडत नाहीत.”

“मग कुणाला आवडतात?” वहिनींनी विचारलं.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, दिसतंय तरी कर्करोगासारखंच. एक औषध टोचून पुन्हा एक फोटो काढला. त्यात जिथे पेशी जोरात वाढत असतील ती जागा उजळते म्हणे. डाग उजळला. मग पाठीतून लांब सुई घालून तुकडा काढला. त्याच्या निकालाला आम्ही तिघंही गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, “तुकडा फार लहान आला. त्यात कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत.”

भावजींचा चेहरा उजळला, पण डॉक्टरांचं वाक्य संपलं नव्हतं.

“पण दिसल्या नाहीत म्हणजे नाहीतच, असं धरता येत नाही. नुसती सूज दिसते आहे. सुई कडेला लागली असेल.”

“म्हणजे असेल किंवा नसेल,” वहिनी म्हणाल्या. “हे मला सुई न टोचताही माहीत होतं.”

दोन वाटा होत्या. पुन्हा सुई घालायची, किंवा फुप्फुसाचा तो भागच काढून टाकायचा. शस्त्रक्रिया करणारे सर्जन म्हणाले की संशय इतका दाट असताना थांबणं धोक्याचं आहे. वहिनींना थांबण्याचा इतका वीट आला होता की त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, “काढा.”

तारीख मिळेपर्यंतचे दिवस घरात कसे गेले ते काही विचारू नका. भावजी पूर्वी सिगारेट ओढायचे. वीसेक वर्षं ओढली असेल, त्यांच्या बैठकीच्या खिडकीत उभं राहून. सोडूनही दहा वर्षं झाली होती. पण आता त्यांनी डोक्यात घेतलं की हे आपल्याच धुरानं झालं. भेटायला येईल त्याला ते हेच सांगायचे. शेजाऱ्यांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, दुकानात चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या गिऱ्हाइकालाही सांगितलं. सांगताना गळा भरून यायचा. मग आजारी बाई उठून त्यांना पाणी द्यायची आणि समजूत घालायची की अहो, तुमचं काही चुकलं नाही. म्हणजे दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला, तशातली गत.

एक दिवस भांडं उतू गेलं. मी वरच होते, त्यांच्या दवाखान्याच्या पिशवीचे बंद शिवत. भावजी पाहुण्यांसमोर पुन्हा सुरू झाले आणि वहिनी म्हणाल्या, “हो, तुमच्या धुरानंच झालं. झालं समाधान? आता जरा मला माझं आजारपण करू द्या.”

पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. भावजी खिडकीशी जाऊन उभे राहिले, आणि त्या दिवसापासून त्यांनी तो विषय काढला नाही. दुसराही कुठला काढला नाही. वहिनींनाही ते वाक्य परत घेता आलं नाही. मला जिन्यात म्हणाल्या, “मी बोलायला नको होतं. पण गप्प बसून बसून माझा जीव आंबला होता.”

त्याच आठवड्यात त्यांनी बंद्याला बोलावून घेतलं. गाडी, छपरावरची पाटी, अर्धवट शिकलेले विद्यार्थी, सगळं त्याच्या हवाली करायचं ठरवलं होतं. मी खूप सांगितलं की निदान ऑपरेशन होऊन जाऊ द्या. त्या म्हणाल्या, “प्रत्येक जण मला थांबायला सांगतो. एक तरी गोष्ट माझ्या हातानं होऊ दे, मी असेपर्यंत.” बंद्या गाडीत बसून रडायला लागला. त्याला म्हणाल्या, “रडायचं असेल तर आधी हँडब्रेक ओढ.” त्यानं ओढला, डोळे पुसले आणि गाडी घेऊन गेला. गेटातून बाहेर पडेपर्यंत एकदाही बंद पडू दिली नाही.

ऑपरेशन झालं. उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढला. वहिनींच्या कुशीतून एक नळी निघून खाली बाटलीत गेली होती आणि खोकताना त्या उशी छातीशी घट्ट धरायच्या, टाके ताणू नयेत म्हणून. काढलेल्या तुकड्याचा निकाल यायला बरेच दिवस लागले. आला तेव्हा फुप्फुसाचे डॉक्टर स्वतः खोलीत आले. या खेपेला पडदा नव्हता, म्हणून की काय, ते सरळ वहिनींकडे बघत होते.

“चांगली बातमी आहे,” ते म्हणाले. “कर्करोग नाही. बुरशी आहे.”

“बुरशी? शिळ्या पावावर येते ती?”

“त्याच जातीतली, लांबच्या नात्यातली. श्वासातून फुप्फुसात जाते आणि तिथे गाठ करते. गोळ्यांनी बरी होते.”

भावजी पलंगाच्या कडेला टेकले आणि तोंडावर हात घेऊन रडू लागले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. माझेही डोळे भरून आले होते. वहिनींचे भरले नाहीत. त्या गप्प होत्या. चांगल्या पुढच्या चौकापर्यंत गप्प होत्या म्हणा ना. मग त्यांनी विचारलं, “गोळ्यांनी बरी होते?”

“हो. बरेच महिने घ्याव्या लागतील.”

“मग जे कापून काढलंत, ते परत बसवता येतं का?”

“नाही.”

“मग बातमी चांगली कुणासाठी आहे, डॉक्टर?”

डॉक्टरांनी स्टूल ओढून घेतलं आणि बसले. म्हणाले, बाहेरून ही गाठ आणि ती गाठ अगदी सारख्या दिसतात. फोटोत सारख्या, औषध टोचल्यावर दोन्ही उजळतात. मग विचारलं, “तुमच्याकडे कबुतरं आहेत का? कधी त्यांची घाण साफ केली होती?”

खोलीत आम्ही तिघंही एकमेकांकडे बघायला लागलो. मीच सांगितलं ते गॅरेजच्या वरच्या खोलीचं, फडक्याचं आणि धुळीचं. डॉक्टरांनी मान हलवली. वाळलेल्या विष्ठेत ती असते, धुळीबरोबर उडते म्हणाले. बहुतेकांना काही होत नाही. एखाद्याला होतं. आणि दम्याचं समजून दिलेल्या त्या जोरदार गोळ्यांनी तिला वाढायला मोकळं रान मिळालं असेल.

“हे तुम्ही आज विचारताय,” वहिनी म्हणाल्या. “इतक्या खेपा झाल्या. सिगारेट ओढता का, हे प्रत्येकानं विचारलं. घरात कुणी ओढतं का, हेही विचारलं. काय झाडलं, ते कुणी विचारलं नाही.”

“विचारायला हवं होतं,” डॉक्टर म्हणाले. मग म्हणाले, “सुईनं काढलेला तुकडा बुरशीसाठी तपासायला पाठवला असता, तर कदाचित तेव्हाच कळलं असतं. कदाचितच. पण पाठवला नव्हता. ऑपरेशनचा निर्णय मात्र मी आजही चूक म्हणणार नाही. कर्करोग असता आणि आपण थांबलो असतो, तर तुम्ही मला याहून वाईट बोलला असतात.”

“बोलायला उरले असते तर,” वहिनी म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. डॉक्टर खरं बोलले होते, हीच त्यांची पंचाईत होती. सगळा राग ओतावा असं एकही भांडं समोर उरलं नाही.

घरी आल्यावर लोकांची रीघ लागली. सगळ्यांच्या तोंडी एकच, “जिवावरचं बोटावर निभावलं हो.” पहिल्या दिवशी त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “बोटावर असतं तर बोट दाखवलं असतं. कुशीत वीतभर शिवण आहे, बघायची?” मग लोक माझ्याकडे येऊन कुजबुजायचे, की एवढ्या मोठ्या संकटातून सुटल्या, तरी बाईंच्या तोंडाला गोडवा नाही. सुटका झाली हे खरं होतं. पण ज्या संकटातून सुटल्या ते मुळात आलंच नव्हतं, आणि जे आलं होतं त्याची किंमत कुणाच्या लेखी धरायची नाही, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं.

भावजींनी तर कमाल केली. एके दिवशी जेवताना घास तोंडाजवळ नेऊन थांबले आणि म्हणाले, “मी त्या रविवारी खोली झाडली असती तर...”

“खबरदार,” वहिनी म्हणाल्या. “नवीन सुरू करायचं नाही.”

गोळ्यांनी ओठ फुटले, तोंडाची चव गेली, आणि काही महिन्यांनी केस गळायला लागले. फणीत पुंजके यायचे. जे लोक मध्यंतरी कर्करोग नाही हे ऐकून गेले होते, ते आता त्यांचं डोकं बघून पुन्हा हळू आवाजात बोलू लागले. भाजीवालीनं तर हात हातात घेऊन सांगितलं की माझ्या मावशीचेही असेच गेले होते, नंतर दाट आले. “मला तो आजार नाही,” वहिनी म्हणाल्या. “हो हो,” म्हणत भाजीवालीनं त्यांचा हात थोपटला. घरी येऊन वहिनींनी पिशवी अशी आपटली की टोमॅटो पलंगाखाली गेले.

जरा जिना चढता यायला लागला, तशा त्या बंद्याकडे गेल्या. मी सोबत होते. गाडी दारातच उभी होती, तिला नवा रंग दिलेला, छपरावर त्याची पाटी. आत दोन नवे शिकवणारे होते. बंद्यानं खुर्ची पुसून दिली, पंखा लावला, पंख्याचा वारा त्यांच्या अंगावर येतोय म्हणून बंद केला.

“बाई, तुम्ही म्हणाल तर गाडी परत देतो,” तो म्हणाला. पण हे तो टेबलाकडे बघून म्हणाला.

वहिनींनी त्या दोन शिकवणाऱ्यांकडे पाहिलं. त्यातला एक जण दारातल्या बाईला उद्याची वेळ देत होता. ती बाई वहिनींचीच जुनी विद्यार्थिनी होती.

“गाडी राहू दे,” वहिनी म्हणाल्या. “मला कामावर ठेव. सकाळच्या वेळा दे.”

घराजवळ आल्यावर त्या म्हणाल्या, “घाई मीच केली, तेव्हा बंद्याला काय बोलणार? डॉक्टरला बोलावं तर तो चूक कबूल करून बसतो. यांना बोलावं तर ते रडतात. मी भांडू तरी कुणाशी?”

आता त्या सकाळी शिकवतात. गाडी तीच, पायाखालचा क्लच तोच. पण ओरडायला लागणारा श्वास पुरत नाही. ‘क्लच’ म्हणायला जातात आणि शब्दाचा पहिला अर्धाच बाहेर पडतो. पुढे खोकला येतो. नवे विद्यार्थी बंद्याला सांगतात की बाई फार शांत आहेत, फार प्रेमानं शिकवतात. बंद्यानं कौतुक म्हणून हे त्यांच्या कानावर घातलं. त्या दिवशी त्या दुपारी जेवल्या नाहीत.

गोळ्या संपल्यावर परवा तपासणी होती. त्या आत जाऊन आल्या, भावजी आणि मी बाहेर बाकावर होतो.

“काय म्हणाले?” भावजींनी विचारलं.

“एक बारीक रेघ दिसते आहे. बहुतेक जुना व्रण आहे म्हणाले. बहुतेक.” हा शब्द त्यांनी चावून उच्चारला. “सहा महिन्यांनी पुन्हा फोटो.”

येताना गाडी वहिनीच चालवत होत्या, बंद्याकडून दिवसभरासाठी आणलेली. भावजी शेजारी, मी मागे. मग भावजी काचेतून बाहेर बघत म्हणाले, “तू तेव्हा म्हणालीस ना, माझ्या धुराचं.”

“ते खोटं निघालं. आता तुम्हीही सोडा.”

“खोटं निघालं. पण तुला तसं वाटलं होतं.”

वहिनींनी गिअर बदलला. “वाटलं होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्हालाच काय, बघाल त्याला दोष द्यावासा वाटत होता.” आणि थोडं पुढे गेल्यावर, “अजूनही वाटतो.”

भावजी म्हणाले, “मग देत जा. गप्प बसू नकोस.”

घरी आल्यावर वहिनी जिन्याच्या मधल्या वळणावर दम लागला म्हणून पायरीवर बसल्या. मी पाणी घेऊन गेले. “सहा महिने,” त्या म्हणाल्या. “पुन्हा तीच वाट बघायची.” ग्लास माझ्या हातात दिला, कठड्याला धरून उठल्या आणि वर गेल्या. थोड्या वेळानं वरून त्यांचा आवाज ऐकू आला. स्वयंपाकघराचा नळ गळतोय हे कधीपासून सांगतेय, म्हणत होत्या. भावजी काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण लगेच पान्याचा खडखडाट सुरू झाला. आणि तो दिवस रविवार नव्हता.